शाकुहाची शिकायची आहे? आधी गुरू शोधा, बासरी नंतर

शाकुहाची, म्हणजे जपानची बांबूची उभी बासरी, शिकायची म्हटलं की जो तो आधी एकच विचारतो, "बासरी कुठली घेऊ आणि कितीला पडेल?" मीही तेच केलं होतं. तेव्हा तोक्योत निशी-कासाईला राहत होते. रविवारच्या एका जुन्या बाजारात मुळाशी गाठी असलेली, हाताळून हाताळून तांबूस झालेली एक शाकुहाची दिसली आणि मी ती भाव न करता उचलली. पुढचे तीन आठवडे तिच्यातून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसला आवाज येत राहिला. मला वाटलं दोष माझ्या फुंकेत आहे. शेवटी एका शिक्षकांकडे गेले. त्यांनी तोंडाकडून आत टॉर्च मारली, नखाने एक केसाएवढी रेघ दाखवली आणि काही न बोलता बासरी परत पिशवीत घालून माझ्या हातात दिली. ती आतून चिरलेली होती.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. बासरीची खरेदी सगळ्यांत शेवटी येईल.

आधी वाद्याची ओळख

नावात माप आहे. 'शाकु' म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, शाकुचा दहावा भाग म्हणजे 'सुन', आणि 'हाची' म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. ही प्रमाण लांबी, आणि तिचा मूळ सूर पाश्चात्त्य 'डी'. याहून लांब आणि आखूडही असतात. एक सुन लांबी वाढली की सूर ढोबळमानाने अर्ध्या स्वराने उतरतो. मादाके जातीच्या बांबूचा मुळाकडचा भाग घेऊन ती करतात, त्यामुळे खालचं टोक जाड आणि किंचित वळलेलं असतं. भोकं पाचच, चार पुढे आणि एक मागे.

आपल्या बासरीशी तुलना केल्याशिवाय मराठी माणसाला राहवत नाही, तर ती इथेच करून टाकू. आपली बासरी आडवी, फुंकायचं भोक तयार. शाकुहाची उभी, वरचं टोक सताड उघडं, आणि त्याच्या काठावर बाहेरच्या बाजूने तिरका छेद. या धारदार काठाला 'उतागुचि' म्हणतात. उघडं टोक बंद करायचं काम तुमच्या हनुवटीचं. म्हणजे वाद्य अर्धंच तयार असतं, उरलेलं अर्धं तुमचा चेहरा. हनुवटी जरा खाली गेली तरी सूर उतरतो, वर गेली की चढतो. या दोन हालचालींची नावं 'मेरी' आणि 'कारी', आणि शाकुहाचीतलं जवळपास सगळं अवघड काम या दोन शब्दांत येतं.

इतिहास थोडक्यात. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ही बासरी वाजवायचा हक्क मुख्यतः फुके पंथाच्या झेन साधूंकडे होता. त्यांना 'कोमुसो' म्हणत. डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी विणलेली टोपली, चेहरा पूर्ण झाकलेला, आणि दारोदार वाजवत भिक्षा. त्यांच्या लेखी ते संगीत नव्हतंच, ते 'सुइझेन' होतं, फुंकून केलेलं ध्यान. १८७१ मध्ये मेइजी सरकारने हा पंथच बंद केला. साधूंची बासरी तेव्हापासून गृहस्थांची झाली, शिकवण्या सुरू झाल्या, आणि कोतो-शामिसेन या तंतुवाद्यांसोबत ती मैफलीत बसू लागली. साधूंच्या जुन्या रचनांना आजही 'होन्क्योकु' म्हणतात, म्हणजे मूळ रचना.

पहिली पायरी: घराणं

याला जपानीत 'र्‍यू' म्हणतात. आपल्याकडे किराणा की जयपूर हा प्रश्न गाण्याच्या वळणाचा असतो, इथे तो लिपीचाही आहे. स्वरलिपी वेगळी, काही बोटं वेगळी, उतागुचित बसवलेल्या तुकड्याचा आकारही वेगळा. एका घराण्याची वही दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला सरळ वाचता येत नाही. आधी शिक्षक ठरवा म्हणते ते याचसाठी.

नवशिक्यासमोर मुख्यतः दोन नावं येतात. किन्को घराणं अठराव्या शतकातल्या कुरोसावा किन्को यांच्या नावाने चालतं. त्यांनी कोमुसोंच्या रचना गोळा करून ३६ होन्क्योकुंचा संग्रह बांधला. जुनं, ध्यानाचं, श्वासाचं संगीत ओढ लावत असेल तर इकडे जा. तोझान घराणं नाकाओ तोझान यांनी १८९६ मध्ये ओसाकात सुरू केलं. त्यांची लिपी पाश्चात्त्य पद्धतीला जवळची, मात्रा आणि विभाग स्पष्ट दाखवलेले, समूहवादनावर भर. ज्याला पाश्चात्त्य नोटेशन येतं त्याला तोझानची वही लवकर उलगडते. कोमुसो परंपरेला सर्वांत धरून राहिलेले लोक क्योतोतल्या म्योआनजी मंदिराशी जोडलेले आहेत. हे मंदिर तोफुकुजी या मोठ्या झेन मंदिराच्या परिसरात आहे. तिकडे मैफल, टाळ्या वगैरे गोष्टी दुय्यम.

माझं मत विचाराल तर घराण्यावर रात्ररात्र काथ्याकूट करू नका. अर्ध्या तासात पोचता येईल असा, तुमच्याशी बोलायला वेळ काढणारा शिक्षक ज्या घराण्याचा, ते तुमचं घराणं. फक्त पहिल्या भेटीतच विचारा, "र्‍यू कोणता?"

कान तयार नसतील तर आधी महिनाभर ऐका. यामागुची गोरो यांचं वादन किन्कोचं उत्तम उदाहरण. योकोयामा कात्सुया यांचा फुंकेचा जोर वेगळाच. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तोरू ताकेमित्सुंची 'नोव्हेंबर स्टेप्स' ही ऑर्केस्ट्रासोबतची रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा शाकुहाची योकोयामांच्याच हातात होती. आणि एक गंमत: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर यामागुचींची शाकुहाची आहे, आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सूर्यमालेबाहेर हे दोघे शेजारी आहेत.

दुसरी पायरी: शिक्षक कुठे भेटतात

जपानमध्ये असाल तर तीन वाटा. मोठ्या शहरांतल्या कल्चर सेंटरमध्ये सामूहिक वर्ग चालतात. पैसे कमी, बांधिलकी कमी, पण दहा जणांत तुमच्या हनुवटीकडे बघायला शिक्षकाला मिनिटभरच मिळतं. दुसरी वाट वॉर्डाच्या कम्युनिटी हॉलमधली हौशी मंडळं. तिथे सत्तरीतले आजोबा भेटतात, वाद्य उसनं देतात, वर चहा आणि सेन्बेई, म्हणजे तांदळाची कुरकुरीत बिस्किटं, खायला घालतात. तिसरी वाट घरी किंवा स्टुडिओत एकट्याने तालीम घेण्याची. परवडत असेल तर हीच घ्या. बहुतेक शिक्षक 'ताइकेन', म्हणजे एक अनुभवाची तालीम, देतात. तिथे जाऊन आलात तर लगेच होकार द्यायलाच हवा असं नाही. मात्र नको असेल तर दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवून तसं कळवा. नुसतं गप्प बसणं इथे फार लागतं.

भारतात बसून शिकायचं तर ऑनलाइनला पर्याय नाही, आणि ते चालतंही बरं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे पुण्यातले साडेपाच. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा. झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करा. नाहीतर शाकुहाचीतला श्वासाचा घरघरीत भाग सॉफ्टवेअरला पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो छाटून टाकतं. माझी एक पुण्यातली मैत्रीण दीड महिना शिक्षकांना "आवाज येत नाही" म्हणताना ऐकत होती, आणि बिचारी फुंक वाढवत होती.

तिसरी पायरी: पहिली तालीम

वाद्य नसलं तरी जा. शिक्षक बहुधा प्लास्टिकची किंवा लाकडी बासरी हातात देतात. आत जाताना चपला काढून दाराकडे तोंड करून ठेवा. जपानी येत नसलं तरी दोन वाक्यं पाठ करा: सुरुवातीला "योरोशिकु ओनेगाइशिमासु" (कृपा असू द्या), शेवटी "आरिगातो गोझाइमाशिता" (आभारी आहे). शिक्षकांना "सेन्सेई" म्हणायचं, नुसतं नाव घ्यायचं नाही. बसणं गुडघे मुडपून, वज्रासनात. आपल्याला मांडी घालायची सवय, पण तालमीच्या खोलीत मांडी म्हणजे घरचा पायजमा घालून बँकेत गेल्यासारखं. पाय दुखत असतील तर खुर्ची मागा. कुणी हसत नाही.

मग फुंक. बासरीचं वरचं टोक खालच्या ओठाच्या खाली, हनुवटीच्या खळगीत टेकवायचं. काठ ओठांच्या बरोबर समोर यायला हवा. ओठ ताणून, हसू दाबल्यासारखे, मधे तांदळाएवढी फट. आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालतो तशी फुंक, अर्धी आत, अर्धी बाहेर. पहिल्या दिवशी सूर लागला तर नशीब. मला चाळीस मिनिटांत एकदा लागला, आणि तो पुन्हा शोधताना गरगरायला लागलं. हे प्रत्येकाचं होतं, श्वास जास्त खर्च होतो म्हणून. गरगरलं की थांबा, बासरी खाली ठेवा, पाणी प्या. दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या.

आपली आडवी बासरी वाजवत असाल तर बोटांबद्दल सावध राहा. इथे दोन्ही हातांची मधली बोटं आणि खालच्या हाताचा अंगठा नुसतं वाद्य धरतात. भोकं झाकायची तर्जनीने आणि अनामिकेने, मागचं भोक वरच्या हाताच्या अंगठ्याने. माझं मधलं बोट महिनाभर भोकाकडे धावत होतं. सेन्सेईंनी त्याला चक्क रबरबँड बांधला.

दुसरा धक्का स्वरांच्या नावांचा. सगळी भोकं बंद म्हणजे 'रो'. खालून एकेक उघडत गेलं की 'त्सु', 'रे', 'चि', 'रि' (तोझानमध्ये या शेवटच्याला 'हा' म्हणतात). सेन्सेई म्हणाले, "रे." माझ्या कानाला रिषभ ऐकू आला, आणि मी रो-च्या शेजारचा सूर शोधत बसले. त्यांचा रे म्हणजे आपला मध्यम! रो-ला सा धरलं तर त्सु कोमल गंधार, रे मध्यम, चि पंचम, रि कोमल निषाद. म्हणजे नुसती बोटं उचलत गेलात की धानी रागाचे स्वर मिळतात. आणि जपानी संगीताचा तो उदास, सगळ्यांना ओळखू येणारा रंग? सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपल्या गुणक्री रागाचे स्वर. पण यातले कोमल रिषभ आणि कोमल धैवत भोकात तयार बसलेले नाहीत, ते हनुवटी खाली घेऊन, मेरी करून काढावे लागतात. बासरीवाल्यांची सवय असते भोक अर्धं उघडून काम भागवायची. इथे बोट मदतीला असतं, पण मुख्य काम मानेचं. मेरीत सूर हळू, मऊ, थोडा काळसर होतो. तो मोकळ्या सुराइतका मोठा करायचा खटाटोप करू नका. तो फरकच ऐकायचा असतो.

चौथी पायरी: रियाज

रोज दहा मिनिटं नुसता रो. याला 'रोबुकी' म्हणतात. एकच सूर, पूर्ण श्वास संपेपर्यंत, मग शांतता, मग पुन्हा. आपला खर्ज भरणं म्हणतो तेच हे. पहिल्या महिन्यात दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल. त्यानंतर बोटं, मग वरचं सप्तक. खालच्याला 'ओत्सु' आणि वरच्याला 'कान' म्हणतात, आणि दोन्हींची बोटं बहुतेक तीच, फुंक अरुंद करायची.

जिभेने सूर तोडायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. तोच सूर पुन्हा हवा असेल तर भोकावर बोट हलकेच आपटून तो वेगळा करतात.

रियाज करायचा कुठे हा जपानमधला खरा प्रश्न. भिंती पातळ, आणि शेजारी तक्रार तुमच्याकडे न करता घरमालकाकडे करतात. माझ्याकडे ती एकदा पत्राने आली, फारच नम्र भाषेत. मग मी आराकावा नदीच्या काठावर जायला लागले. तिथे ट्रंपेटवाले, सॅक्सोफोनवाले शंभर-शंभर पावलांवर उभे असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. वारा मात्र वैरी. उतागुचिवरून वारा गेला की फुंकेचं काही चालत नाही, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. पावसात कराओकेची खोली तासावर घ्या. दिवसा स्वस्त पडते आणि एकटं जाण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

स्वरलिपी कताकाना या जपानी अक्षरांत, वरून खाली, उजवीकडून डावीकडे. पूर्ण लिपी शिकायची गरज नाही, दहाबारा अक्षरं पुरतात. मी पहिले सहा महिने प्रत्येक अक्षराशेजारी पेन्सिलीने देवनागरी लिहीत होते. सेन्सेईंनी एक दिवस खोडरबर पुढे सरकवला. त्याच आठवड्यात ती अक्षरं वाचता यायला लागली. तुम्ही दोन महिन्यांतच खोडा.

पहिल्या वर्षी काय वाजेल? दोन-चार लोकगीतं आणि बालगीतं, 'साकुरा', आणि नेट लावला तर वर्षाअखेरीस 'होन्शिराबे'सारखी एखादी छोटी होन्क्योकु. जपानी वादकांत एक म्हण आहे, "मान हलवायला तीन वर्षं, कोरो-ला आठ." मान हलवून सुराला कंप देणं आणि दोन भोकांवर आलटून पालटून 'कोरो कोरो' असा घुमणारा आवाज काढणं, त्यांची ही मुदत. ऐकून घाबरायला होतं. मला उलट हायसं वाटलं, कारण माझं अडलेलं घोडं जगाच्या मानाने वेळेवरच होतं.

पैशांचं आणि मानपानाचं

महिन्याच्या फीला 'गेश्शा' म्हणतात. ती पाकिटात घालून, शक्यतो कोऱ्या नोटा, दोन्ही हातांनी द्यायची. हातात सुट्या नोटा मोजत द्यायच्या नाहीत. मी महिन्याच्या दोन तालमींचे दहा हजार येन देत होते. शिक्षक, शहर आणि वेळ यांप्रमाणे आकडा बदलतो. प्रवेश फी, स्वरलिपीच्या वह्या आणि वार्षिक कार्यक्रमातला वाटा वेगळा असतो, तेव्हा हे सगळं सुरुवातीलाच विचारून घ्या. विचारणं वाईट दिसत नाही, मध्येच चेहरा पडणं वाईट दिसतं. वरच्या पातळीला गेलात तर काही घराण्यांत परीक्षा, प्रमाणपत्रं आणि वादकाला मिळणारं नावही असतं. त्याला खर्च येतो आणि ते सक्तीचं नसतं.

एकाच वेळी दोन सेन्सेई करू नका. आणि केलेच तर लपवू नका. शाकुहाचीचं जग लहान आहे, बातमी आठवड्यात पोचते.

शेवटची पायरी: आता बासरी

पहिलं वर्ष एबीएस प्लास्टिकच्या किंवा लाकडी शाकुहाचीवर काढा. तडा सहसा जात नाही, सूर नेमके असतात, पडली तरी जीव जात नाही. दिखाऊ दुकानांतली शोभेची आणि ऑनलाइन लिलावातली जुनी बासरी टाळा. चांगली शाकुहाची आतून केलेली असते. बहुतेकांत आतल्या पोकळीला दगडी भुकटी आणि उरुशी लाखेचा लेप देऊन ती मिलिमीटरच्या हिशेबाने घोटतात. काहींत लेप नसतो, बांबू तसाच, आवाज अधिक खरबरीत. त्यांना 'जिनाशी' म्हणतात. नवशिक्याने त्या वाटेला लवकर जाऊ नये. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून फोटोवरून खरेदी म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जुन्या बासरीच्या उतागुचित कधीकधी हस्तिदंताचा तुकडा असतो. ती घेऊन देशाची सीमा ओलांडलीत तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल. आता बहुधा म्हशीचं शिंग वापरतात.

बांबू कोरड्या हवेत चिरतो. तोक्योचा हिवाळा आणि हीटर, नागपूरचा मे महिना, पुण्यातला एसी, सगळे त्याचे शत्रू. वाजवून झालं की दोरी बांधलेलं फडकं आतून ओढून ओल पुसा, मग बासरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कापडी खोळीत ठेवा. प्लास्टिक बघून नाक मुरडू नका, आतली हवा दमट ठेवायला तेच लागतं. गाडीत कधीही सोडू नका.

आणि दुकानात सेन्सेईंना सोबत न्या. आम्ही गेलो तेव्हा दुकानदाराने सात बासऱ्या काढून ठेवल्या. माझा डोळा सारखा एका सोनेरी, सरळ गाठींच्या बासरीवर जात होता. सेन्सेईंनी मला पाठ करून उभं केलं आणि एकेक वाजवायला सुरुवात केली, प्रत्येकीवर तोच एक रो. मी बोटं वर करून आकडा सांगायचा. दोनदा क्रम बदलूनही मी एकच निवडली. वळून बघितलं तर ती सगळ्यांत बेढब होती, एक गाठ तिरकी आणि मुळाशी काळा डाग. सेन्सेईंनी तिच्या आत टॉर्च मारली, नखाने चाचपलं, आणि मग ती दुकानदाराकडे सरकवून म्हणाले, "हिला पिशवीत घाला."